बाल्कनीची फरशी घासताना या चुका टाळा

पाऊस सरला, दिवाळीची साफसफाई निघाली की मला हमखास फोन येतात. "बाल्कनीची फरशी काळी-हिरवी झालीय गं, काय टाकू?" या 'टाकू'तच सगळा घोळ आहे. चार महिने साचलेला थर काहीतरी ओतून चार मिनिटांत गेला पाहिजे, अशी सगळ्यांची अपेक्षा.

आणि मग जे ओतलं जातं ते अ‍ॅसिड.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, मी स्वतः केलंय. या घरात राहायला आलो तेव्हा बाल्कनीला हिरवट निळी कोटा फरशी होती, वर मातीचा, तेलकट धुळीचा आणि शेवाळाचा जाड थर. दुपारी पाहुणे येणार, हाताशी एक सकाळ. दुकानातून बिनलेबलची बाटली आणली आणि दिली ओतून. फरशी अशी फसफसली की मी खूश! म्हटलं, निघतेय घाण. घाण कसली, फरशीच निघत होती. कोटा, शहाबादी, कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड. अ‍ॅसिड लागलं की त्यातला चुना विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. आपण ज्याला फेस समजतो तो हाच.

वाळल्यावर फरशी पिठूळ पांढरी दिसायला लागली, हाताला खरखरीत. फक्त जिथे कुंडी होती तिथे मूळ रंगाचा गुळगुळीत गोल उरला, म्हणजे पाहुण्यांना मी काय केलंय ते विचारावंही लागलं नाही. सांध्यांतलं सिमेंट भुसभुशीत झालं ते वेगळंच. पुढच्या पावसाळ्यात खालच्या काकू छताला आलेली ओल दाखवायला घेऊन गेल्या. आणि शेवाळ? ते आधीपेक्षा लवकर धरलं, कारण खरखरीत दगडात ओल आणि माती छान अडकून बसते. शेवटी पॉलिशवाल्याला बोलावलं. तो दारातूनच म्हणाला, "अ‍ॅसिड ना?"

लिंबू, व्हिनेगर 'नैसर्गिक' म्हणून चालतं असं समजू नका. तीही आम्लंच, फक्त सावकाश खातात. संडास साफ करायच्या बहुतेक द्रवांतही अ‍ॅसिड असतं. तुमची फरशी कोणती ते कळत नसेल तर कुंडीमागच्या कोपऱ्यात लिंबाचे दोन थेंब टाका, पाच मिनिटांनी पुसा आणि वाळू द्या. फिका डाग राहिला तर दगड चुन्याचा. टाइल असेल तर तिला फारसं काही होणार नाही, पण मधलं सिमेंट जाईलच. आणि अ‍ॅसिडनंतर 'अजून थोडं' म्हणून ब्लीचिंग पावडर तर मुळीच नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो छातीत गेला तर फरशी राहील बाजूलाच, दवाखाना गाठावा लागेल.

दुसरी चूक म्हणजे न भिजवता घासणं. लोक कोरड्या धुळीवर बादली ओततात, त्याचा चिखल सांध्यांत बसतो, मग दात ओठ खाऊन घासतात आणि दहा मिनिटांत "नाहीच निघत" म्हणत अ‍ॅसिडकडे वळतात. माझी पद्धत अशी: आधी कुंड्या उचलायच्या आणि कोरड्या फरशीवर खराटा मारायचा. नहाणीची जाळी काढून त्यातली पानं बाहेर. मग फरशी ओली करून शेवाळ जुन्या प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं. ओलं शेवाळ सालीसारखं सुटतं. त्यानंतर अर्ध्या बादली कोमट पाण्यात दोन मुठी धुण्याचा सोडा. खाण्याचा नव्हे, धुण्याचा. हातमोजे घाला, नाहीतर संध्याकाळी हात भाजल्यासारखे होतात. हे पाणी पसरायचं आणि अर्धा तास हातही लावायचा नाही. चहा घ्या, पेपर वाचा. मध्ये सुकायला लागलं तर पाणी शिंपडा, म्हणूनच हे काम ऊन यायच्या आत करायचं. मग काथ्याच्या ब्रशने घासायचं, वायपरने काळं पाणी ओढायचं आणि स्वच्छ पाण्याने दोनदा धुवायचं. सोडा राहिला तर पांढरी पूट धरते. एका फेरीत निघालं नाही तर पुढच्या रविवारी दुसरी फेरी. हे ऐकून लोक नाराज होतात. होऊ देत.

सोड्याचं पाणी स्लायडिंगच्या अ‍ॅल्युमिनियम चॅनलमध्ये जाऊ देऊ नका, काळं पडतं.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करणाऱ्यांना काय सांगावं! दोघं एकमेकांना मारतात, हातात उरतं खारट पाणी. फेसाचा व्हिडिओ मात्र छान निघतो.

तारेचा ब्रश नको. ओरखडे पडतात आणि तुटलेल्या तारा गंजून नवे डाग देतात. भाड्याचं प्रेशर मशीन गाडीला ठीक. जुन्या सांध्यांवर मारलंत तर सिमेंट उडून जातं, आणि मग तुमच्याकडेही खालच्या काकू येतील. फिनाइलने वास येतो, थर जात नाही.

कबुतरांची घाण कोरडी खरवडू नका. ती धूळ फुफ्फुसाला वाईट. तोंडाला मास्क बांधा, पाणी मारून पंधरा मिनिटं भिजू द्या आणि जुन्या कागदाने उचला.

आणि सगळं झाल्यावर कुंड्या पुन्हा थेट फरशीवर टेकवू नका. खाली विटेचे तीन तुकडे ठेवा, हवा खेळती राहते. लोखंडी स्टँड असेल तर पायांना रबरी बूट घाला; गंजाचा डाग दगडात एकदा मुरला की सोड्याने जात नाही. माझ्याकडे तसे दोन आहेत, त्यांच्यावर मी पायपुसणं टाकलंय.