आखूड रिकर्व्हवर बाण वाकडा जातोय? आधी बोटं तपासा

साताऱ्यात धनुर्विद्येची ओढ आता गावोगाव दिसते. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला, आणि २०२३ मध्ये आदिती स्वामी बर्लिनला कंपाउंडमध्ये (चाकं लावलेल्या धनुष्यात) जगज्जेती झाली. प्रवीणसारख्यांच्या हातातलं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, ६६ ते ७० इंची असतं. हौसेनं घेतलेलं ५२-५४ इंची धनुष्य वेगळं वागतं. पूर्ण ताणलं की दोरीचा कोन अरुंद होतो आणि तीन बोटं मिळून नॉकला (बाणाच्या मागच्या, दोरीत बसणाऱ्या खाचेला) चिमटा काढतात. बाण शेल्फवरून (मुठीवरच्या बाण टेकायच्या जागेवरून) उचलला जात असेल किंवा बाजूला घसरत असेल, तर दोष बहुधा इथेच असतो. लोक आधी बाण बदलतात, तिथेच पैसे वाया जातात.

तर्जनी नॉकच्या वर आणि दोन बोटं खाली धरत असाल, तर नॉक आणि बोटं यांत थोडी फट ठेवा. दोरी बोटांच्या पहिल्या पेराच्या सांध्यात बसू द्या, टोकांवर नको. जास्त भार मधल्या बोटावर, अनामिकेवर सर्वांत कमी. हाताची मागची बाजू सपाट, मनगट सैल. एवढं करूनही चिमटा बसत असेल तर तिन्ही बोटं नॉकखाली घ्या. आखूड धनुष्याला मला हीच पकड पटते. मात्र नॉकच्या खालीही दोऱ्याची एक गाठ बांधा, नाहीतर नॉक दोरीवर खाली सरकतो.

दोरीवरची नॉकच्या वरची गाठ, शेल्फपासून दोरीला काटकोन होतो तिथून सुमारे अर्धा इंच वर ठेवून सुरुवात करा. तिन्ही बोटं खाली असतील तर आणखी थोडी वर. ब्रेस हाइट (मूठ ते दोरी हे अंतर) धनुष्य बनवणाऱ्यानं सांगितलेल्या मर्यादेत हवी. ती दोरीला पीळ देऊन वाढते.

आता पिसांचे तीन आणि बिनपिसांचे दोन बाण घ्या. टार्गेटमागे कोणी नाही हे पाहा. आधी पाच मीटरवरून मारा, मग पंधरावरून. सकाळी लवकर मारा, कारण वाऱ्यात बिनपिसाचा बाण खोटं सांगतो, आणि साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत.

बिनपिसाचा बाण पिसवाल्यांपेक्षा वर लागला तर गाठ वर न्या, खाली लागला तर खाली. इथे एक फसवणूक आहे: गाठ फारच खाली असली तर बाणाची शेपटी शेल्फवर आपटून उसळते आणि बाण खाली लागतो. म्हणूनच गाठ आधी उंच ठेवून एकेक मिलिमीटर खाली आणायची.

उंची जुळल्यावरच डावं-उजवं बघा. उजव्या हातानं ओढणाऱ्याचा बिनपिसाचा बाण डावीकडे गेला तर बाण ताठ आहे (हवा तेवढा वाकत नाही), जड पॉइंट (बाणाचं टोक) लावा. उजवीकडे गेला तर मऊ आहे, हलका पॉइंट लावा. प्रत्येक बदलानंतर निदान सहा बाण मारून पाहा. सगळं जुळलं की गाठ पक्की करून ब्रेस हाइट लिहून ठेवा. नवी दोरी पहिल्या काही दिवसांत ताणून ब्रेस हाइट उतरते, तेव्हा तोच आकडा लागेल.