एअर फ्रायरच्या डोनटला साखर चिकटेना, तेव्हा

तळलेल्या डोनटला अंगचं तेल असतं, म्हणून साखर धरते. एअर फ्रायरमधला वरून कोरडा. दालचिनी-साखर सगळी ताटलीतच. मग १७५ अंशांवर पाच-सहा मिनिटं झाली की गरम असतानाच दोन्ही बाजूंना वितळवलेलं बटर लावून लगेच घोळवायला लागले. सुटलीच अडचण. बारीक दाण्याची साखर घ्या, पिठीसाखर विरघळून चिकचिकते. अर्ध्या वाटीला चमचाभर दालचिनी पुरे. इंदूरच्या सियागंज बाजारातून अख्खी आणून घरी कुटलेली असेल तर वासच वेगळा. सासूबाई म्हणाल्या, "साजूक तूप लाव गं." आमच्या इंदुरात गोडाला तूप कोण नको म्हणेल! तेही चालतं, पण बटरमध्ये थोडं पाणी असतं, त्याने साखर जास्त घट्ट बसते. आणि हो, फ्रायरमध्ये डोनट खेटून ठेवू नका, कडा पांढुरक्या राहतात.