मेरापीच्या शेजारी राहायला जाताय? मग आधी राखेची तयारी करा भो

घरात कुणाला इंडोनेशियात योग्याकार्ताला नोकरी लागली की सगळे आधी गुगल करतात, मग मेरापी ज्वालामुखी दिसतो आणि आई म्हणते जाऊच नको. जा, बिनधास्त जा, लाखो लोक राहतात तिथे, फक्त राहायची पद्धत समजून घ्या. (आपण तरी कुठे वेगळे, अख्खं खान्देश 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावरच बसलंय, पण तो कधीचाच थंड झाला. उनपदेवचं गरम पाणी बघून जळगावात ज्वालामुखी आहे म्हणणारे भेटतात, तसं काही नाही.)

पहिलं म्हणजे रूम. मेरापी शहराच्या उत्तरेला साधारण 30 किलोमीटरवर आहे, म्हणजे भुसावळ-जळगावपेक्षा थोडंसंच जास्त. कालीउरांगकडे हवा थंड म्हणून मोह होतो पण ते डोंगराच्या उतारावरच आहे, त्यापेक्षा शहराच्या दक्षिणेकडे बघा. 2010 ला मेरापी फुटला तेव्हा 350 च्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक गरम राख आणि वायूच्या लोटात, लाव्हात नाही, आणि हा लोट ताशी 100 किलोमीटरच्याही पुढे पळतो, त्यामुळे वेळ आली की गाडी काढून सुटू असलं काही डोक्यात ठेवू नका. तेव्हा 20 किलोमीटरपर्यंतचा भाग रिकामा केला होता. निघायला सांगितलं की निघायचं, म्हशी-कोंबड्या-टीव्ही काही बघायचं नाही.

निघायचं कधी ते कसं कळणार, तर तिथे धोक्याच्या चार पातळ्या असतात: नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. आवास म्हणजे शेवटची. मेरापी 2020 च्या नोव्हेंबरपासून सियागावर आहे, म्हणजे तिसरी, तरी शहर रोजच्यासारखं चालू असतं कारण बंदी डोंगराजवळच्या ठराविक भागापुरती असते. मॅग्मा इंडोनेशियाचं ॲप टाकून घ्या आणि पातळीसोबत किती किलोमीटरच्या आत जायचं नाही तेही वाचा, खरं महत्त्वाचं तेच.

आता राख, कारण तुमच्या नशिबी बहुतेक हीच येणार. 2014 च्या फेब्रुवारीत केलूद नावाचा दुसरा ज्वालामुखी फुटला तर 200 किलोमीटरवरच्या योग्याकार्तात सगळं राखाडी झालं, एअरपोर्ट बंद. ही राख चुलीतली नाही, दगड आणि काचेचा भुगा असतो तो. मे महिन्यात आपण तोंडाला रुमाल बांधून फिरतो त्याच्या भरवशावर राहू नका, एन-95 मास्क आणि बाजूने बंद असलेला गॉगल घ्या, लेन्स लावत असाल तर काढून चष्मा लावा. राख पडत असताना घरात थांबा, दारं-खिडक्या लावा, फटीत ओले कपडे कोंबा, एसी बंद, पाण्याची टाकी झाका. गाडी चालवूच नका, आणि कोरडा वायपर तर अजिबात फिरवू नका, काच चरचर ओरखडते.

थांबली की छत साफ करावं लागतं आणि इथेच लोक चुकतात. धाब्याच्या घरात राहिलेल्यांना सांगायला नको, माती भिजली की धाबं किती जड होतं, तसंच हे. ओली राख 10 सेंटीमीटर साचली तर एका चौरस मीटरवर शंभर किलोच्या पुढे वजन, छप्पर बसतं. म्हणून पाऊस यायच्या आत काढा, पाइपाने धुऊ नका, नुसतं पाणी शिंपडून धूळ दाबा आणि फावड्याने खाली ओढा, गटारीत ढकललं तर ते घट्ट बसतं मग महिनाभर बोंबला. आणि एकट्याने वर चढायचं नाही, राख काढताना छतावरून पडून जीव जातो माणसाचा.

पावसाळ्यात अजून एक, लहार. डोंगरावरची राख पाण्यासोबत चिखल होऊन नदीतून उतरते, दगडधोंडे घेऊन. स्फोट थांबून वर्ष झालं तरी येते. कोलंबियात 1985 ला अशाच चिखलाने आर्मेरो गावातली 20 हजारांच्या वर माणसं गिळली. तेव्हा पूर आला की पुलावर बघायला पळायची आपली सवय तापीकाठीच ठेवा.

बॅग एक भरूनच ठेवा: पासपोर्टच्या झेरॉक्स प्लास्टिकमध्ये, औषधं, टॉर्च, पॉवरबँक, रोख पैसे, तीन दिवसांचं पाणी. खायला घरून आणलेल्या बिबड्या आणि शेंगदाणे, गॅस न पेटवता पोट भरतं. दूतावासात नाव नोंदवून ठेवा.

आणि घरच्यांसाठी: टीव्हीवर मरापी फुटला असं आलं तर तो सुमात्रातला, वेगळा डोंगर आहे, 2023 च्या डिसेंबरला 20 च्या वर गिर्यारोहक गेले तो. पोराच्या रूमपासून मेरापी किती किलोमीटर ते कॅलेंडरवर लिहून ठेवा, बातमी आली की आधी डोंगराचं नाव आणि तो आकडा बघा, मग फोन लावा. फोन लागला नाही तर मेसेज टाकून ठेवा, अशा वेळी नेटवर्क जाम असतं.