बँकॉकचा राजवाडा नदीने गाठा, परत कालव्याने या

बँकॉकमध्ये अंतरापेक्षा वाहतूक कोंडीच जास्त वेळ खाते. संध्याकाळी चार ते सात सुखुमवित या हॉटेलांनी भरलेल्या मोठ्या रस्त्यावर टॅक्सी उभीच असते आणि मीटर तेवढं पळत असतं. म्हणून राजवाडा परिसराचा दिवस रेल्वे, होडी आणि पायांवर बेता.

निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये डेबिट किंवा क्रेडिट कार्डाचे 'आंतरराष्ट्रीय' आणि 'कॉन्टॅक्टलेस' हे दोन्ही पर्याय सुरू करा. आपल्या कार्डांवर ते सहसा बंदच असतात. एमआरटी म्हणजे मेट्रोच्या गेटवर व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट टेकवून आत जाता येतं. आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना फोन टेकवला, तर यंत्र त्यांना दोन वेगळे प्रवासी समजतं आणि हिशेब बिघडतो. बीटीएसचं, म्हणजे पुलावरून धावणाऱ्या स्कायट्रेनचं तिकीट वेगळं, त्यासाठी सुटे बाथ जवळ असू द्या.

सकाळी सुखुमवितहून बीटीएसने सियामला गाडी बदलून सफान ताक्सिनला उतरा. दोन नंबरच्या दारातून बाहेर पडलं की समोरच साथोन धक्का. तिथे पर्यटकांच्या निळ्या झेंड्याच्या बोटीचं तिकीट पुढे केलं जातं. तुम्हाला हवी ती नारिंगी झेंड्याची, कुठेही उतरा, साधारण सोळा बाथ. बोट धक्क्याला जेमतेम काही सेकंद टेकते, चढउतार मागच्या बाजूने. शिट्टी वाजू लागली की दाराकडे सरका. कंडक्टरच्या हातात धातूची लांब नळी असते, ती खळखळ वाजवत तो किंवा ती गर्दीतून येते. नाणी आणि तिकिटांचे रोल दोन्ही त्यातच.

राजवाड्यासाठी था चांग धक्क्यावर उतरा, कारण पर्यटकांना प्रवेश उत्तरेकडच्या ना फ्रा लान रस्त्यावरून आहे. साडेआठला दार उघडतं, तिकीट ५०० बाथ. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बिनबाह्यांच्या कपड्यांवर ओढणी घेतली की झालं, असं समजू नका, ती अनेकदा चालवून घेत नाहीत.

भिंतीच्या कडेने चालताना कुणी टापटीप माणूस 'आज राजवाडा एकपर्यंत बंद, वीस बाथमध्ये टुकटुकने दुसरी देवळं दाखवतो' म्हणाला, तर मान हलवून पुढे चला. वीस बाथमध्ये त्याचं पेट्रोलसुद्धा निघत नाही. कमाई होते ती रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात तुम्हाला नेऊन बसवल्याबद्दल. बंद आहे का, ते फक्त तिकीट खिडकीवरच कळेल.

राजवाड्याच्या दक्षिणेला चालत 'वाट फो' हे देऊळ ('वाट' म्हणजे थायी भाषेत देऊळ). तिथला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. तळपायांवरचं शिंपल्यांचं जडावकाम पाहिल्याशिवाय निघू नका. था तिएनहून छोट्या होडीने पलीकडे वाट अरुण होतं, पण दुपारच्या उन्हात त्याच्या उभ्या पायऱ्या नकोशा होतात.

जेवणासाठी एमआरटीच्या सनाम चाय स्टेशनवरून एकच स्थानक पुढे साम योत. तिथून चालत फाहुरात, गुरुद्वाऱ्याभोवतीची भारतीय वस्ती. शाकाहारी मंडळींनी इतरत्र पिवळ्या झेंड्यावरचं लाल 'जे' हे अक्षर शोधावं, परक्याला ते १७ सारखं दिसतं. त्या जेवणात मांस-मासे, अंडी आणि कांदा-लसूणही नसतो, म्हणजे जैनांचीही बरीच सोय. एरवी साध्या परतलेल्या भाजीतही कालवांचा सॉस असतो. 'माय साय नाम प्ला' म्हणजे मासळीचा सॉस नको, एवढं तरी पाठ असावं.

परतीला साम योतहून सुमारे पंधरा-वीस मिनिटं चालून फानफा लीलात धक्का. हा सेन सेप कालवा. बोट वेगाने जाते आणि पाणी काळं, घाणेरडं. कडेला बसलात तर बाजूची ताडपत्री दोरी ओढून तुम्हीच वर करायची, समोरून बोट येताना तर लगेच. प्रतुनामला सगळे उतरतात, तिथे बोट बदला आणि सुखुमवितजवळच्या नाना किंवा असोक धक्क्यावर उतरा. सुट्टीच्या दिवशी बोटी लवकर बंद होतात, तेव्हा शेवटची कधी ते फानफालाच विचारून घ्या.