लेंडर बदलताय? मग अप्रेझलचे पैसे दुसऱ्यांदा भरू नका

अमेरिकेत घर घेताना हे बऱ्याच जणांचं होतं, लोनचं काम अर्ध्यावर आलेलं असतं, अप्रेझल, म्हणजे घराच्या किमतीचं मूल्यांकन, होऊन गेलेलं, त्याचे पैसे आपल्या कार्डवरून कापलेले, आणि तेव्हाच दुसरा लेंडर, म्हणजे लोन देणारी बँक किंवा कंपनी, चांगला रेट देतो. तोच रिपोर्ट दुसरीकडे नेता येतो, फक्त क्रम चुकवू नका.

आधी हे समजून घ्या, पैसे तुमचे गेले तरी अप्रेझरचा (मूल्यांकन करणाऱ्याचा) क्लायंट लेंडर असतो. रिपोर्टच्या पहिल्या पानावर लेंडर/क्लायंटच्या रकान्यात जुन्या लेंडरचं नाव दिसेल. ते बदलून द्या म्हणून अप्रेझरच्या मागे लागू नका, झालेल्या रिपोर्टवर नुसतं नाव बदलून देणं त्यांच्या नियमात बसत नाही. नाव तेच राहतं, सोबत जुन्या लेंडरचं ट्रान्सफर लेटर जातं.

सुरुवात नव्या लेंडरपासून करा. ट्रान्सफर झालेलं अप्रेझल घेता का आणि कुठले कागद लागतील, हे ईमेलवर विचारा. कन्व्हेन्शनल लोन (सरकारी विमा किंवा हमी नसलेलं) असेल तर घ्यायची सक्ती नव्यावर नाही आणि द्यायची सक्ती जुन्यावरही नाही, त्यामुळे इथे नकार आला तर पुढची धावपळ तरी वाचते. एफएचए लोनमध्ये (ज्याला सरकारी विमा असतो) मात्र तुमची बाजू भक्कम असते, तुम्ही मागितलंत की जुन्या लेंडरला ५ कामाच्या दिवसांत अप्रेझल पाठवावंच लागतं. तिथे एफएचएने त्या लोनला दिलेला केस नंबरही ट्रान्सफर करावा लागतो, तो विसरू नका.

मग तारीख बघा, सहीची नाही तर इफेक्टिव्ह डेट, म्हणजे साधारणपणे अप्रेझर घर बघून गेला तो दिवस. एफएचएला १८० दिवस चालतात. फॅनी मेच्या (लेंडरकडून कन्व्हेन्शनल लोन विकत घेणारी संस्था) नियमात नोटवर, म्हणजे लोन फेडण्याच्या करारावर, सही होईपर्यंत ४ महिने उलटून गेले तर अपडेट लागतो आणि १२ महिन्यांच्या पुढे गेलं की नवीनच करावं लागतं.

आता जुन्या लेंडरला लेखी कळवा. फोनवर बोलून भागत नाही हो, आमच्या वेळी लोन ऑफिसर फोनवर "हो हो, आजच पाठवतो" म्हणाला आणि आठ दिवस काहीच हललं नाही, शेवटी ईमेल केला तेव्हा दोन दिवसांत काम झालं. ईमेल साधाच: "माझा लोन नंबर अमुक, घराचा पत्ता अमुक, अप्रेझल या लेंडरकडे ट्रान्सफर करा, तिथल्या माणसाचा ईमेल खाली दिलाय." अप्रेझलचे पैसे बाकी असतील तर आधी चुकते करा. आणि रिपोर्ट पोचेपर्यंत जुना अर्ज रद्द करू नका, एकदा फाइल बंद झाली की तिच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो.

तुमची स्वतःची कॉपीही मागून घ्या. घरावरच्या पहिल्या लोनसाठी ती मिळणं २०१४ पासून तुमचा हक्क आहे, अर्ज मागे घेतला तरी. पण ती फक्त तुम्हाला वाचायला, ती पुढे पाठवून काम होत नाही, रिपोर्ट लेंडरकडून थेट लेंडरकडेच जायला हवा.

दोन-तीन दिवसांनी नव्या लेंडरला विचारा काय काय आलंय: रिपोर्टची पीडीएफ, ट्रान्सफर लेटर, अप्रेझरवर कुणी दबाव आणला नाही असं लेंडरचं लेखी, पावती आणि एक्सएमएल फाइल (रिपोर्टमधली माहिती कॉम्प्युटरला वाचता येईल अशी). ही एक्सएमएल हमखास राहून जाते आणि कन्व्हेन्शनल लोनला तिच्याशिवाय रिपोर्ट फॅनी मे आणि तशीच दुसरी संस्था फ्रेडी मॅक यांच्या पोर्टलवर चढत नाही, म्हणून तिचं नाव घेऊन विचारा.