इंदूरजवळची घरची शेती हाती घेताय?

इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांची सांवेर, देपालपूर, महू या बाजूला थोडीफार वडिलोपार्जित जमीन आहे. राहणं शहरात, शेत बटाईने दिलेलं. अशा घरातलं कोणी "आता शेत स्वतः करायचंय" म्हणालं, की मी सगळ्यात आधी एकच सांगतो: शेतावर राहायला जा. शनिवार-रविवारी फेरी मारून माळव्याच्या काळ्या मातीत शेती होत नाही.

कारण वाफसा, म्हणजे माती ना फार ओली ना फार कोरडी, पेरणीजोगी असण्याची वेळ. ही माती उन्हाळ्यात अख्खा हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात चिखल होते. ओलीत ट्रॅक्टर घातला तर ढेकळं निघतात, ती पुढे महिनाभर फुटत नाहीत. पेरणीजोगे दिवस मधले दोन-तीनच. मूठभर माती दाबून पाहायची. लाडू वळला आणि टिचकीने फुटला तर पेरा. बोटांना चिकटली तर थांबा. सोयाबीन साधारण 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, आणि 2-3 सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नये. बी खोल गेलं आणि वरून जोराची सर आली, की जमिनीवर पापडी धरते नि कोंब आतच गुदमरतो. शेतावर झोपणारा पहाटे बांधावर जाऊन हे बघतो आणि त्याच दिवशी तिफण जोडतो. शहरातला फोन करतो, पलीकडून "सब ठीक है भैया" येतं, आणि वाफसा निघून जातो.

दुसरं, बियाणं घरचं ठेवा. सोयाबीन स्वपरागीत (स्वतःच्याच परागाने फळणारं) असल्यामुळे दरवर्षी विकत घ्यावं लागत नाही. पण त्याचं साल फार नाजूक. मळणीयंत्र मिनिटाला 350-400 फेऱ्यांवर चालवायचं, पोती आपटायची नाहीत, चारपेक्षा उंच थप्पी लावायची नाही. मे महिन्यात 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. 70 उगवले तर बियाणं पेरण्यालायक. आमच्याकडे हे काम आजी करते. ओसरीवर बसून एकेक कोंब उचलून बघते, आणि वेडावाकडा कोंब मोजणीत धरू देत नाही. तिच्याइतकी कडक तपासणी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

वाण निवडताना पुढचं पीक डोळ्यांसमोर ठेवा. जेएस 95-60 सारखं लवकर येणारं सोयाबीन घेतलं तर मागे बटाटा किंवा लसूण साधतो. फक्त गहूच घ्यायचा असेल तर एवढी घाई नको. गव्हाला पहिलं पाणी एकविसाव्या दिवसाच्या आसपास, मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी मुळं) फुटताना. ते चुकवू नका.

गव्हाची नरवाई, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेली धसकटं, पेटवू नका. त्यापेक्षा खत करा. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात कंपोस्टची जी पद्धत बसवली, ती आपल्या इंदूरचीच. जगभर ती इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. सोयाबीनचं कुटार (भुसा), शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती, थोडी राख असे थर द्यायचे, ओल राखायची, अधूनमधून ढीग उलटायचा. तीनेक महिन्यांत खत तयार. आपल्या गावात जन्मलेली ही गोष्ट आपल्याच शेतात नसावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कागदपत्रांत आधी खसरा (जमिनीचा उतारा) आणि बी-1 (खातेदाराचा उतारा) काढा. आजोबांच्या नावावरच जमीन असेल तर फौती नामांतरण, म्हणजे वारसांची नावं लावणं, करून घ्या. काका-आत्यांशी आधी बोला, मग पटवारीकडे (तलाठ्याकडे) जा. नावावर जमीन नसेल तर पीककर्ज अडतं, आणि सहकारी सोसायटीचं तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं तर बिनव्याजी पडतं. ते सोडून सावकाराकडे जाण्यात काहीच शहाणपण नाही.

पैसा वर्षातून दोनदाच येतो: दिवाळीच्या आसपास सोयाबीनचा, मार्च-एप्रिलात गव्हाचा. डिझेल, मजुरी, शाळेची फी मात्र बारा महिने. म्हणून एका हंगामाचा घरखर्च आधी बाजूला काढा. सोयाबीन ओलं असताना मंडीत नेऊ नका. ओलावा 12 टक्क्यांच्या वर असला की भाव पडतो. दोन दिवस अंगणात वाळवा.

राहायला जायचं ते एप्रिलमध्ये, गहू निघाल्यावर. तेव्हा शेत मोकळं असतं. मोटर, पाइप, घराची कौलं सगळं पावसाआधी बघून होतं. मातीचा नमुनाही पीक उभं नसतानाच घ्यायचा असतो, तो त्याच आठवड्यात तपासायला देऊन टाका.