विंगरचा राइट बॅक होताना

मी फुटबॉल खेळतो. २८ वर्षांचा असताना कोचनं खोलीत बोलावून सांगितलं, "उद्यापासून तू राइट बॅकला सराव करायचा." म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू. मला वाटलं, घरी पाठवायची ही सभ्य रीत असावी. नऊ मोसम उजव्या विंगवर, म्हणजे उजव्या कडेनं हल्ला चढवण्यात काढले होते. पहिल्या दहा यार्डांतली झेप कमी झालीय, हे मलाही कळत होतं. फक्त मी कुणाजवळ बोललो नव्हतो.

तुमच्यावर ही वेळ आली तर लगेच मान डोलावू नका आणि तोंडही पाडू नका. आधी विचारा, हे कुणाच्या दुखापतीपुरतं आहे की पुढच्या मोसमातही? आणि चुका करायला किती सामने मिळणार? मी दुसरा प्रश्न विचारलाच नाही. त्यामुळे पहिले काही आठवडे प्रत्येक सामना शेवटचा असल्यासारखा घाबरत खेळलो.

सगळे सांगतात, टॅकल शीक, म्हणजे समोरच्याच्या पायातून चेंडू काढून घ्यायला. टॅकल दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी जमतो. नजर बदलायला मला अख्खा मोसम लागला. विंगर टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेला, पाठ लावून उभा राहिला की मैदान सगळं समोर. मागून कुणी येत नाही. राइट बॅकचा धोका पाठीमागूनच येतो. चेंडू डावीकडे गेला की विंगर दम खातो, राइट बॅकला मात्र तेव्हाच सेंटर बॅककडे, म्हणजे मधल्या बचावपटूकडे, आत सरकायचं असतं आणि गोलच्या दूरच्या खांबाकडे कोण घुसतोय ते खांद्यावरून बघत राहायचं असतं.

तिसऱ्या सामन्यात हेच अंगाशी आलं. बचावाची बाकीची फळी पुढे सरकली, मी चेंडूकडे बघत एक पाऊल मागे राहिलो. सगळे पुढे असते तर त्यांचा स्ट्रायकर ऑफसाइड, म्हणजे नियमाबाहेर पुढे ठरला असता; माझ्या एका पावलानं तो ऑनसाइड झाला आणि गोल. तिघांची मेहनत मी एकट्यानं पाण्यात घातली. विंगर असताना दहा वेळा चेंडू गमावला तरी कडेनं गोलसमोर मारलेला एक क्रॉस लागला की टाळ्या मिळायच्या. इथे ८९ मिनिटं नीट खेळून एक मिनिट चुकलं की लोक तेवढंच बोलतात. खरं सांगतो, हा हिशेब मला अन्यायाचा वाटायचा. अजूनही थोडा वाटतो.

त्यानंतर व्हिडिओ बघायची पद्धत बदलली. चेंडू पलीकडे असतानाच क्लिप थांबवायची आणि ओळखायचं, मला ज्याच्यावर नजर ठेवायचीय तो माझा माणूस कुठे आहे? सुरुवातीला निम्म्या वेळा चुकायचो. मैदानावर उपाय साधा निघाला: छाती पूर्ण चेंडूकडे न करता अंग अर्धं वळवून उभं राहायचं, म्हणजे मान थोडी फिरवली तरी चेंडू आणि माणूस दोन्ही दिसतात. शरीराचं म्हणाल तर उलटं धावणं आणि झटकन वळणं वाढतं, जांघेचे स्नायू कुरकुरतात. फिजिओला आधीच सांगून ठेवा.

जुनी विद्या वाया जात नाही. विंगरला कशाचा वैताग येतो हे मला पाठ होतं: बॅक झेप घेतच नाही, हातभर अंतर ठेवतो आणि बाहेर बाहेर ढकलत नेतो. मी तेच करू लागलो.

अंतोनियो व्हॅलेन्सिया २००९ साली मँचेस्टर युनायटेडमध्ये विंगर म्हणून आला आणि पुढे तिथेच राइट बॅक असताना कर्णधार झाला. त्याचं बघून मला धीर यायचा. जोएलिंटनची गोष्ट त्याहून गमतीची. न्यूकासलनं त्याला स्ट्रायकर म्हणून घेतलं, गोल काही होईनात. नोव्हेंबर २०२१ मध्ये नॉर्विचविरुद्ध नवव्या मिनिटाला सहकाऱ्याला लाल कार्ड मिळालं, हा मधल्या फळीत उतरला आणि तिथेच रुजला. माझ्या वाट्याला असं काही नाट्य आलं नाही, नुसता सराव आला.

दोन मोसम झाले. अजूनही चेंडू पायात आला आणि समोर मोकळी जागा दिसली की मी सुसाट सुटतो. मागून आमचा सेंटर बॅक ओरडतो, "अरे, परत ये!"